जुन्या गाडीचा मूळ रेडिओ आणि मोबाइलवरची गाणी: जोडणी नेमकी कुठे करावी?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. तुमच्याकडे १९६० च्या दशकातली गाडी आहे. तिच्या डॅशबोर्डात कंपनीने बसवलेला, पाच बटणांचा, फक्त मध्यम लहरी (एएम) पकडणारा रेडिओ आहे आणि तो अजूनही बऱ्यापैकी वाजतो. मोबाइलवरची गाणी तुम्हाला त्याच रेडिओतून ऐकायची आहेत. मात्र डॅशबोर्ड कापायचा नाही आणि रेडिओचे दर्शनी रूपही बदलायचे नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर तुम्ही आणून पाहिलात, पण त्यातून काहीच ऐकू आले नाही. रेडिओचे आतले सगळे काढून टाकून तिथे नवे सर्किट बसवावे, असा सल्ला तुम्हाला एकाने दिला आहे आणि तो पटत नसल्यामुळे ‘कोणते उपकरण घेऊ’ असे तुम्ही विचारत आहात.

जुने कार रेडिओ दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. माझ्या मते उपकरणाची निवड ही शेवटची पायरी आहे. आधी ठरवायचे असते ते हे, की मोबाइलचा आवाज रेडिओच्या कोणत्या टप्प्यावर आत सोडायचा. तो टप्पा ठरला की उपकरण आपोआप ठरते, आवाजाचा दर्जा कसा मिळेल हेही कळते आणि पुढे कधी सगळे पूर्ववत करायचे झाले तर किती काम पडेल याचाही अंदाज येतो.

हे उत्तर चार गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यांतल्या तीन तुम्ही कळवलेल्या नाहीत. रेडिओ कोणत्या लहरी पकडतो हे तुम्ही लिहिले आहे. तो व्हॉल्व्हचा (तापून चालणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) आहे, ट्रान्झिस्टरचा आहे की दोन्हींचा मिळून बनलेला आहे, गाडीची बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, आणि बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले आहे, हे मात्र कळायला हवे. म्हणून पुढे जिथे उत्तर या गोष्टींनुसार बदलते, तिथे तसे सांगत जाईन.

प्रथम तुमचा एफएम ट्रान्समीटर गप्प का राहिला ते पाहू. तो ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपण करतो आणि आवाजानुसार लहरींची वारंवारता बदलत नेतो. तुमचा रेडिओ साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झमध्ये ऐकतो आणि लहरींच्या उंचीतला चढउतार तेवढा ओळखतो. म्हणजे पट्टाही वेगळा आणि पद्धतही वेगळी. डायलवर काटा कुठेही नेला तरी ही भेट होणार नाही. एफएम असलेले कार रेडिओ ब्लाउपुंक्ट या जर्मन कंपनीने १९५२ सालीच आणले होते, पण पुढची अनेक वर्षे सर्वसाधारण गाड्यांत मध्यम लहरींचाच संच येत असे. त्यामुळे तुमच्या ट्रान्समीटरमध्ये दोष असेलच असे नाही.

आता रेडिओच्या आत काय घडते ते थोडक्यात पाहू. एरियलकडून आलेला क्षीण संकेत आधी वाढवला जातो, मग रेडिओ त्याचे रूपांतर एका ठरलेल्या मधल्या वारंवारतेत करतो, आणि तिथे आणखी वाढवून झाल्यावर डिटेक्टर त्यातून आवाज वेगळा काढतो. हा आवाज व्हॉल्यूमच्या नॉबमागच्या पॉटवर (नॉब फिरवून बदलता येणाऱ्या रेझिस्टरवर) येतो, तिथून ध्वनिवर्धकाच्या टप्प्यांत जातो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून स्पीकरपर्यंत पोहोचतो. या वाटेवर बाहेरचा आवाज आत सोडण्याजोग्या तीन जागा आहेत: एरियलचे तोंड, व्हॉल्यूमचा पॉट आणि स्पीकर. एरियलपाशी जोडणी केली तर रेडिओ उघडावाही लागत नाही, पण आवाज सगळ्या अरुंद वाटांतून गाळून येतो. पॉटपाशी केली तर रेडिओ उघडावा लागतो, पण आवाज कितीतरी मोकळा मिळतो. स्पीकरपाशी जोडणी केली तर मूळ रेडिओचा त्या आवाजाशी संबंधच उरत नाही, आणि तुमची मूळ इच्छा तर रेडिओतूनच ऐकण्याची आहे.

जोडणीकडे वळण्यापूर्वी बॅटरीबद्दल सविस्तर लिहितो, कारण या कामात जे नुकसान होते ते बहुतेक वेळा इथेच होते. आजची सगळी उपकरणे गाडीची बॉडी निगेटिव्ह टोकाला जोडलेली आहे असे गृहीत धरून बनवलेली असतात. जुन्या गाड्यांत तसे असेलच असे नाही. ब्रिटिश गाड्यांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडण्याची पद्धत, सर्रास असे. एमजी कंपनीच्या एमजीबीसारखी लोकप्रिय गाडी १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क-२ पासून निगेटिव्ह अर्थवर गेली. अमेरिकी गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यास ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या, तर फोक्सवागनची बीटल त्यानंतरही बरीच वर्षे ६ व्होल्टवर चालत होती. म्हणून गाडीच्या वयावरून अंदाज बांधू नका. बॅटरीचे झाकण उघडा, जाड पट्टी किंवा केबल कोणत्या टोकाकडून बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा आणि मल्टिमीटर लावून खात्री करून घ्या. मधल्या काळात कुणी अर्थ बदलून घेतलेला असण्याचीही शक्यता असते. त्या काळच्या काही रेडिओंवर ध्रुव उलटवण्यासाठी मागे प्लग किंवा स्क्रूची सोय असे; ती कोणत्या बाजूला लावलेली आहे तेही पाहून ठेवा.

पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत काय होते ते नीट समजून घ्या. समजा तुम्ही एक ब्लूटूथ रिसीव्हर घेतला आणि त्याच्या तारा ध्रुव पाहून बरोबर जोडल्या. त्याची पॉझिटिव्ह तार बॉडीला गेली आणि निगेटिव्ह तार फ्यूजकडून आलेल्या वायरला. इथवर सगळे ठीक आहे आणि रिसीव्हरचा दिवाही लागतो. परंतु त्याच्या ऑडिओ केबलची बाहेरची जाळी आतून त्याच्याच निगेटिव्ह टोकाला जोडलेली असते. ती जाळी तुम्ही रेडिओच्या चॅसीला (धातूच्या सांगाड्याला), म्हणजेच गाडीच्या बॉडीला जोडता त्या क्षणी बॅटरीची दोन्ही टोके त्या केसासारख्या बारीक जाळीतून एकमेकांना भिडतात. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत ऑडिओ केबलचे वेष्टण टोकापासून टोकापर्यंत वितळून आतल्या तारेला चिकटले होते आणि रिसीव्हरच्या सर्किटच्या पाटीवरची एक तांब्याची रेघ उडून गेली होती. रेडिओ बचावला, कारण त्याच्या स्वतःच्या पुरवठ्याचा या शॉर्टशी संबंध आला नव्हता.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, ज्याच्या वीज घेणाऱ्या आणि वीज देणाऱ्या बाजूंचा एकमेकींशी थेट संबंध नसतो असा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचा दाब बदलून देणारे उपकरण) वापरावा. विकत घेताना ‘आयसोलेटेड’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे का ते पाहा, कारण साधे कन्व्हर्टर दोन्ही बाजूंची निगेटिव्ह तार एकच ठेवतात. दुसरा आणि मला अधिक आवडणारा उपाय म्हणजे ब्लूटूथ रिसीव्हर गाडीच्या बॅटरीवर चालवायचाच नाही. त्याला पॉवर बँक द्यावी, किंवा स्वतःची छोटी बॅटरी असलेला रिसीव्हर घ्यावा. त्यामुळे ध्रुवांचा प्रश्न मिटतो, ६ व्होल्टच्या गाडीत १२ व्होल्टचा चार्जर चालत नाही ही अडचण दूर होते आणि पुढे सांगणार आहे ती शिट्टीही येत नाही. एकच पथ्य पाळावे: उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ही बॅटरी ठेवू नये. मोबाइल वायरने जोडत असाल आणि त्याच वेळी गाडीच्या सॉकेटवरून तो चार्ज करत असाल, तर हाच धोका मोबाइलच्या मार्गाने येतो. म्हणून पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत या दोन गोष्टी एकत्र करू नका.

रेडिओ बऱ्यापैकी वाजतो असे तुम्ही लिहिले आहे. तो आज वाजतो म्हणून तो निरोगी आहे असे समजू नये. व्हॉल्व्हच्या रेडिओला दोनशे व्होल्टच्या वर दाब लागतो आणि बॅटरीतून तो मिळवण्यासाठी आत व्हायब्रेटर नावाचा भाग असतो. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा थरथरून प्रवाह जोडते आणि तोडते, आणि तो तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून वाढवला जातो. रेडिओ लावल्यावर डॅशबोर्डामागून बारीक गुणगुण येते आणि आवाज यायला थोडा वेळ लागतो, तेव्हा रेडिओ व्हॉल्व्हचा आहे असे समजावे. या रचनेत बफर कॅपॅसिटर म्हणून एक लहानसा, वीज साठवणारा भाग असतो. तो गळका झाला, म्हणजे त्यातून वीज झिरपू लागली, की व्हायब्रेटरचे संपर्क जळतात आणि पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर जातो, म्हणून रेडिओ वाजत असला तरी मूळ बफर कॅपॅसिटर मी बदलतोच, आणि बदली भाग किमान १६०० व्होल्टचा घेतो. कागदी कॅपॅसिटर आणि इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर यांचीही तीच गत असते. रेडिओ उघडणारच असाल तर हे काम आधी उरकून घ्यावे. पन्नास-साठ वर्षांच्या गळक्या भागांना नवा आवाज जोडून काही साधत नाही.

ट्रान्झिस्टरचा रेडिओ असेल तर काम बरेच निर्धोक होते. पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला कार रेडिओ फिल्को या अमेरिकी कंपनीने क्रायस्लरच्या गाड्यांसाठी बनवला आणि तो १९५५ साली आला. परंतु महाग होता, आणि त्यानंतर काही वर्षे कमी दाबावर चालणारे व्हॉल्व्ह व शेवटच्या टप्प्याला एक पॉवर ट्रान्झिस्टर असे मिश्र संच जास्त खपले. मिश्र संचात व्हायब्रेटर नसतो, त्यामुळे गुणगुण येत नाही, पण व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाजासाठी थांबावे लागते. तुमच्या गाडीचा काळ पाहता तुमचा संच या मिश्र किंवा पूर्ण ट्रान्झिस्टरच्या प्रकारातला असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

आता पहिली जागा, एरियलचे तोंड. तुमच्या एफएम ट्रान्समीटरचा भाऊ मध्यम लहरींसाठीही मिळतो. त्याला एएम मॉड्युलेटर म्हणतात. तो एरियलची केबल आणि रेडिओ यांच्या मध्ये बसतो आणि आवाजाला मध्यम लहरींचे रूप देऊन थेट एरियलच्या तोंडातून आत सोडतो. त्याच्या वारंवारतेवर काटा आणला की गाणे ऐकू येते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे मॉड्युलेटर चालू असताना त्याने बाहेरचे एरियल पूर्ण तोडले पाहिजे. दिवसा डायलवर रिकामी दिसणारी जागा सूर्यास्तानंतर रिकामी राहत नाही, कारण मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवरून येतात, आणि मग तुमच्या गाण्यामागे दूरची बातमीपत्रे ऐकू येऊ लागतात. शिवाय एरियल तोडलेले असले की तुमचे प्रक्षेपण बाहेर जात नाही आणि परवान्याचे प्रश्न उभे राहत नाहीत. दुसरे म्हणजे तो बंद असताना एरियल थेट रेडिओला जोडले गेले पाहिजे.

या मार्गाची मर्यादा आधीच मान्य करा. मध्यम लहरींवरची केंद्रे एकमेकांपासून ९ किंवा १० किलोहर्ट्झ अंतरावर असतात आणि शेजारचे केंद्र ऐकू येऊ नये म्हणून रेडिओची मधली वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. परिणामी साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर आतच अडतात. बोलणे, जुनी चित्रपटगीते, एकट्या गायकाचा आवाज हे छान लागते. झांजांची किणकिण आणि सतारीच्या तारांची झणझण मात्र हरवते. त्या काळची ध्वनिमुद्रणे त्या काळच्या रेडिओवर ऐकायची असतील तर ही उणीव मला स्वतःला खटकत नाही. आजचे संगीत ऐकणाऱ्याला मात्र आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटेल.

एरियलच्या केबलविषयी एक बारकावा सांगतो. मध्यम लहरींसाठी गाडीचे मीटरभर एरियल म्हणजे व्यवहारात एक छोटा कॅपॅसिटर असतो आणि त्याच्याकडून येणारी केबल मुद्दाम कमी कपॅसिटन्सची, आत पोकळी असलेली वापरतात. मॉड्युलेटर लांब नेऊन बसवण्यासाठी तिथे टीव्हीच्या केबलचा तुकडा जोडला, तर केंद्रांचा आवाज निम्म्यावर येतो आणि दोष रेडिओला दिला जातो. मॉड्युलेटर रेडिओच्या जवळच बसवा. बसवून झाल्यावर एरियल पूर्ण वर काढा, डायलवर १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे क्षीण केंद्र लावा आणि एरियलच्या सॉकेटजवळ किंवा नॉबच्या मागे असलेला ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) बारीक पेचकसाने हळूहळू फिरवा. एका जागी आवाज स्पष्ट फुगतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसतो. त्या फुगवट्यावर थांबा.

दुसरी जागा, व्हॉल्यूमचा पॉट. रेडिओ सुस्थितीत असेल आणि उघडायची तयारी असेल तर मी हीच जागा निवडतो. इथे आवाज डिटेक्टरच्या पुढे शिरतो, त्यामुळे अरुंद वाट टळते आणि मर्यादा उरते ती फक्त ध्वनिवर्धकाची आणि स्पीकरची. व्हॉल्यूमचा मूळ नॉबच आवाज कमी-जास्त करतो आणि रेडिओ बाहेरून जसाच्या तसा राहतो. मोबाइलमधून किंवा रिसीव्हरमधून मिळणारा संकेत साधारण अर्ध्या ते एका व्होल्टच्या घरात असतो आणि डिटेक्टरकडून पॉटवर येणारा संकेतही फार वेगळा नसतो, म्हणून मध्ये वेगळा ध्वनिवर्धक लागत नाही.

जोडणी अशी करावी. पॉटच्या तीन टोकांपैकी एक चॅसीला गेलेले असते, मधले टोक पुढच्या टप्प्याला जाते आणि उरलेल्या टोकावर डिटेक्टरकडून आवाज येतो. काही पॉटना चौथे टोकही असते. ते हळू आवाजात खर्जाचे स्वर उठावदार करण्यासाठी असते, त्याला हात लावू नये. डिटेक्टरकडून येणारी तार या वरच्या टोकापासून सोडवायची आणि तिथे अशी व्यवस्था करायची की एका वेळी डिटेक्टर किंवा मोबाइल यांपैकी एकच पॉटला जोडलेला असेल. यासाठी वेगळा खटका लावण्यापेक्षा मी आतून संपर्क तुटणारे ३.५ मिलिमीटरचे सॉकेट वापरतो. त्यात जॅक नसताना रेडिओचा आवाज सॉकेटच्या आतल्या पात्यावरून पॉटकडे जातो. जॅक घातला की पाते उचलले जाते, रेडिओची वाट तुटते आणि मोबाइलचा आवाज सुरू होतो. सॉकेट ग्लोव्ह बॉक्सच्या आत किंवा डॅशबोर्डाखाली आधीच असलेल्या एखाद्या पट्टीवर बसते आणि नवे भोक पाडावे लागत नाही. रेडिओपर्यंत मात्र जाळीची केबल वापरावी, ती शक्य तितकी आखूड ठेवावी आणि तिची जाळी पॉटच्या चॅसीकडच्या टोकालाच जोडावी.

यात तीन गोष्टींत हयगय चालत नाही. पहिली, मोबाइलचा आवाज स्टिरिओ आहे आणि तुमचा रेडिओ एकाच वाहिनीचा. डावी आणि उजवी तार पिळून एक केली तर दोन्ही बाजूंचे ध्वनिवर्धक एकमेकांशी झगडतात, आणि एकच बाजू जोडली तर गाण्यातला अर्धा वाद्यमेळ गायब होतो. प्रत्येक तारेत एक किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून मग त्या एकत्र कराव्यात. दुसरी, या जोडापासून पॉटपर्यंतच्या वाटेत एक कॅपॅसिटर हवाच. व्हॉल्व्हच्या संचात पॉट साधारण अर्ध्या ते एक मेगओहमचा असतो आणि तिथे ०.१ मायक्रोफॅरडचा, पण ४०० व्होल्ट सहन करणारा कॅपॅसिटर पुरतो. इतक्या व्होल्टचा यासाठी की आतला एखादा भाग बिघडून उच्च दाब पॉटवर आला तरी तो तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचू नये. ट्रान्झिस्टरच्या संचात पॉट काही किलोओहमचाच असतो, म्हणून तिथे १ ते ४.७ मायक्रोफॅरड लागतात, नाहीतर खर्ज कापला जातो. तिसरी गोष्ट स्वयंचलित नियंत्रणाची. क्षीण आणि सबळ केंद्रे सारख्याच आवाजात ऐकू यावीत म्हणून डिटेक्टरमधूनच मागच्या टप्प्यांना एक नियंत्रक दाब परत दिला जातो. काही संचांत व्हॉल्यूमचा पॉट हाच डिटेक्टरचा भार (डिटेक्टरचा प्रवाह ज्यातून वाहतो तो रेझिस्टर) असतो, आणि तो सरळ तोडला तर ही सगळी व्यवस्था कोलमडते. अशा ठिकाणी डिटेक्टरला पॉटइतक्याच किमतीचा एक रेझिस्टर कायमचा भार म्हणून द्यावा आणि त्याच्यापुढे कॅपॅसिटर घालून मग वाट तोडावी. तुमच्या संचात कोणती रचना आहे हे सर्किटचा नकाशा पाहिल्याशिवाय ठरवू नका.

व्हॉल्व्हचा संच असेल आणि उच्च दाबाच्या कामाची सवय नसेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्या. बॅटरीची तार काढल्यावरही आतले मोठे कॅपॅसिटर काही काळ दाब धरून ठेवतात आणि तो धक्का क्षुल्लक नसतो.

तिसऱ्या जागेबद्दल, म्हणजे स्पीकरबद्दल, इशाराच अधिक देतो. एक छोटा ब्लूटूथ ध्वनिवर्धक घेऊन त्याच्या तारा मूळ स्पीकरला लावाव्यात, असे अनेकांना सुचते. जुन्या संचांत स्पीकरची एक तार पुष्कळदा चॅसीला जोडलेली असते, आणि आजच्या बहुतेक छोट्या ध्वनिवर्धकांच्या आउटपुटची कोणतीच तार चॅसीला लावून चालत नाही. लावली की ध्वनिवर्धक जळतो. मूळ तारा काढून स्पीकर मोकळा केला, तर रेडिओ भाराविना राहतो आणि तशा अवस्थेत कुणी तो चालू केला तर व्हॉल्व्हच्या संचाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याचा धोका असतो. तो ट्रान्सफॉर्मर सहजासहजी मिळत नाही. म्हणून या वाटेला जाऊ नये.

रेडिओ उघडायचाच नसेल आणि आवाजही उत्तम हवा असेल, तर सरळ दुसरी स्वतंत्र व्यवस्था करावी: सीटखाली किंवा डिकीत लपवलेला छोटा ध्वनिवर्धक, मागच्या काचेखाली किंवा सीटखाली बसवलेले वेगळे स्पीकर, आणि नियंत्रण सगळे मोबाइलवरून. मूळ रेडिओ आणि त्याचा स्पीकर यांना कोणी हात लावत नाही. यात रेडिओ वाजत नाही, शेजारी गप्प बसलेला असतो, हे खरे. पण गाडीच्या मूळपणाला या पद्धतीत सर्वांत कमी धक्का लागतो आणि स्टिरिओ हवाच असेल त्याला दुसरा पर्याय नाही.

आतले सगळे काढून नवे सर्किट बसवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर जळला आहे, आतून गंज चढला आहे आणि सुटे भाग मिळत नाहीत, त्याच्यासाठी हा मार्ग योग्य आहे. बाहेरून मूळ रूप टिकते आणि आत एफएम व ब्लूटूथ दोन्ही येतात. चालू स्थितीतल्या संचावर हे करू नये. केलेच, तर काढलेली चॅसी भंगारात न देता गाडीसोबत जपून ठेवावी.

वाचणाऱ्यांपैकी कुणाची गाडी नंतरच्या काळातली असेल तर त्यांचे काम सोपे आहे. कॅसेट वाजवणारा संच असेल तर कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर आत सरकवावा. तो मोबाइलचा आवाज चुंबकीय रूपात थेट प्लेअरच्या हेडला देतो आणि बऱ्याच वेळा एफएम ट्रान्समीटरपेक्षा सरस लागतो, फक्त हेड स्वच्छ हवे आणि डेकचा पट्टा शाबूत हवा. एफएमचा संच असेल तर हवेतून प्रक्षेपण करणाऱ्या ट्रान्समीटरऐवजी एरियलच्या केबलमध्ये बसणारा एफएम मॉड्युलेटर घ्यावा. हवेतून जाणाऱ्या ट्रान्समीटरची ताकद कायद्यानेच अगदी कमी ठेवलेली असते, युरोपात तर ५० नॅनोवॉट, आणि बाहेरचे एरियल गाडीच्या बॉडीपलीकडे असल्यामुळे संकेत कसाबसा पोहोचतो.

शेवटी खरखरीविषयी, कारण जोडणी नीट होऊनही पुष्कळजण इथे अडकतात. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी डायनमो किंवा ऑल्टरनेटरकडून येते आणि बहुधा रिसीव्हर व रेडिओ यांना दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ दिल्यामुळे आत शिरते. पॉवर बँकेवर रिसीव्हर चालवून पाहा. शिट्टी थांबली तर कारण तेच. त्यावर कायमचा उपाय म्हणून ऑडिओच्या वाटेत दोन बाजूंचा थेट संबंध तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालता येतो. ठिणगीची टकटक प्लगच्या वायरींना सप्रेसर लावून आणि इग्निशन कॉइलच्या बॅटरीकडील टोकाला कॅपॅसिटर लावून कमी होते. पॉइंटकडच्या (ठिणगीसाठी प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काकडच्या) टोकाला तो कधीही लावू नये, आणि डायनमोवर लावताना फील्डचे टोक सोडून आउटपुटच्या टोकाला लावावा. इंजिन बंद असतानाही डायलभर सारखी सळसळ येत असेल, तर मोबाइलचा चार्जर सॉकेटमधून उपटून पाहा. आतले सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याच्या वारंवारतेच्या पटी नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात येऊन पडतात. अनेक निरोगी रेडिओ या एका चार्जरपायी ‘गेलेले’ ठरवले गेले आहेत.

आणखी एक गोष्ट: व्हायब्रेटरचा ६ व्होल्टचा संच ५ ते ८ अँपिअर सहज खातो. इंजिन बंद ठेवून बराच वेळ गाणी ऐकली तर गाडी ढकलून सुरू करण्याची वेळ येऊ शकते.

तुमच्यापुरते सांगायचे तर आधी बॅटरीचा दाब आणि अर्थ तपासा, मग रेडिओ लावून गुणगुण येते का आणि आवाज यायला किती वेळ लागतो ते पाहा. रेडिओ ट्रान्झिस्टरचा किंवा मिश्र निघाला, तर पॉटपाशी सॉकेट आणि पॉवर बँकेवर चालणारा ब्लूटूथ रिसीव्हर ही जोडी मी सुचवेन. व्हॉल्व्हचा निघाला आणि तो उघडायला जवळपास कुणी जाणकार नसेल, तर एरियल तोडणारा एएम मॉड्युलेटर घ्या आणि कमी झणझणाटावर समाधान माना. पुढे कधी संच दुरुस्तीला उघडलाच, तर पॉटची जोडणी तेव्हा करून घेता येईल. संचाच्या बाजूला किंवा तळाला चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल क्रमांक असतो. तो आणि बॅटरीची माहिती कळवलीत, तर पॉट हाच डिटेक्टरचा भार आहे की नाही हे नकाशा पाहून मी सांगू शकेन. तोपर्यंत त्या एफएम ट्रान्समीटरचा धातूचा भाग पॉझिटिव्ह अर्थच्या सॉकेटमध्ये पुन्हा घालू नका.